व्हीलचेअर किंवा मोबिलिटी स्कूटर वापरणाऱ्यांसाठी क्रूझ : कोल्हापूरहून निघताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचा विचार करणाऱ्या कोल्हापुरातील दिव्यांग आणि ज्येष्ठ प्रवाशांच्या, तसेच त्यांच्या घरच्यांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची ही उत्तरे आहेत. सर्व उत्तरांच्या मुळाशी एकच आग्रह आहे : ‘व्हीलचेअर चालते हो’ एवढ्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत. कंपनीकडून प्रत्येक उत्तर इंचांत, किलोंत आणि लेखी घ्यावे.

व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला क्रूझ खरोखर झेपते का?

झेपते. रोज नवे हॉटेल, रोज बसच्या पायऱ्या आणि रोज सामानाची बांधाबांध अशा सहलीपेक्षा क्रूझ पुष्कळ सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली एकदाच लावायची असते, जेवणाचा हॉल, नाट्यगृह आणि मोकळा डेक लिफ्टने गाठता येतो, आणि थकवा आला तर पाच-दहा मिनिटांत आपल्या पलंगावर परतता येते. कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीवर बसून शिकणारी आणि नोकरी करणारी माणसे या शहराला नवीन नाहीत. तरीही घरात सहलीचा विषय निघाला की ‘त्यांना कशाला उगाच त्रास’ असे म्हणून त्यांचेच नाव यादीतून गाळले जाते. ज्याला जायचे आहे त्याला आधी विचारावे, आणि बंदर, जहाज व खोली यांची निवडही त्यानेच करावी.

मात्र जहाजावर राहणे ही एक गोष्ट आणि जहाजावर चढणे-उतरणे ही दुसरी. अडचणी बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीत येतात, म्हणून तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे.

पहिली सफर मुंबईहून करावी की परदेशातून?

मुंबईहून निघण्याचा मोठा फायदा म्हणजे विमान टळते, त्यामुळे बॅटरीची कटकट टळते आणि खुर्ची आपल्या नजरेसमोर राहते. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे सफरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. त्या काळातील जहाजे आकाराने आटोपशीर असल्याने अंतरे कमी पडतात. पण कोणत्याही जुन्या जहाजाच्या बाबतीत दारांची रुंदी, उंबरे आणि सुगम केबिनची (म्हणजे दिव्यांगांसाठी सोय केलेल्या खोल्यांची) संख्या अधिक बारकाईने विचारावी लागते. नव्या, मोठ्या जहाजांवर अशा केबिन जास्त असतात, मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर इतके असते की हाताने खुर्ची चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात, त्यातच जाड गालिच्यावर चाके जड चालतात.

परदेशात जायचेच असेल तर पहिल्या वेळी सिंगापूरची मी शिफारस करीन. तेथील मेट्रोच्या सर्व स्थानकांत पायऱ्यांशिवाय जाण्याचा मार्ग आहे, सार्वजनिक बसगाड्यांत व्हीलचेअर चढते, आणि त्यामुळे जहाजाच्या आधीचे व नंतरचे दिवसही वाया जात नाहीत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईहून जाताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

सुगम केबिन म्हणजे नेमके काय असते?

साध्या केबिनचे दार बहुतेक जहाजांवर २२ ते २४ इंच रुंद असते आणि बाथरूमचे दार त्याहूनही अरुंद असते. शिवाय बाथरूमच्या दाराशी पाणी अडवण्यासाठी काही इंचांचा उंबरा असतो. सुगम केबिनचे दार साधारण ३२ इंचांचे असते, बाथरूमला उंबरा नसतो, खुर्ची गोल वळवण्यासाठी सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा ठेवलेली असते, आणि शॉवरमध्ये भिंतीला घडीची बैठक, हातात धरायचा शॉवर व पकडायला दांडे असतात.

परंतु ‘सुगम’ या एकाच शिक्क्याखाली दोन वेगवेगळ्या खोल्या विकल्या जातात. एक पूर्ण वेळ खुर्चीवर असणाऱ्यांसाठी असते; दुसरी काठीच्या आधाराने चार पावले टाकू शकणाऱ्यांसाठी असते, आणि तिच्यात दांडे असले तरी खुर्ची आत वळत नाही. आपल्याला कोणती मिळणार आहे, हे केबिनच्या क्रमांकासह विचारावे, आणि शक्य असल्यास त्याच क्रमांकाच्या खोलीचा आराखडा किंवा बाथरूमचे छायाचित्र मागवावे.

कंपनीला हे विचारताना त्याच पत्रात आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पलंगाची उंची आपल्या खुर्चीच्या बैठकीइतकी आहे का? पलंगाखाली मोकळी जागा आहे का, कारण माणसाला उचलण्याचे यंत्र नेणार असाल तर त्याचे पाय तिथे सरकावे लागतात? बाल्कनीच्या दाराला उंबरा आहे का? सोबत पतिपत्नी नसून भाऊ, मुलगी किंवा मदतनीस असेल तर दोन वेगळे पलंग मिळतील का? कमोडची उंची वाढवणारी बैठक आणि अंघोळीची खुर्ची अनेक कंपन्या आगाऊ मागितल्यास खोलीत ठेवतात. परदेशी जहाजांवर कमोडशेजारी पाण्याचा जेट बहुधा नसतो. आपल्याकडच्या माणसांची त्यावाचून फार गैरसोय होते, म्हणून प्रवासात वापरायची पिळण्याची बाटली बरोबर ठेवावी.

ही केबिन केव्हा आणि कशी आरक्षित करावी?

जितक्या लवकर होईल तितके चांगले. परदेशातील सफरीसाठी तर एक वर्ष आधी. हजारो प्रवाशांच्या जहाजावरही अशा खोल्या मोजक्याच असतात, आणि सुटीच्या हंगामात त्या सर्वांत आधी संपतात. बहुतेक कंपन्या त्याच दर्जाच्या साध्या खोलीचा दर लावतात. आरक्षणानंतर ‘विशेष गरजां’चा एक अर्ज येतो, त्यात खुर्चीचा प्रकार, मापे, वजन, बॅटरी आणि लागणारी मदत लिहावयाची असते. हा अर्ज एजंटाने भरला असे समजून सोडून देऊ नये. त्याची प्रत आणि कंपनीची पोच स्वतःकडे असावी.

एका सवलतीपासून मात्र सावध राहावे. ‘खोलीचा क्रमांक नंतर कळवू’ या अटीवर स्वस्त तिकिटे विकली जातात. इतरांसाठी ती फायद्याची असतील. खुर्ची वापरणाऱ्याने ती घेऊच नयेत, कारण शेवटी वाट्याला येणारी खोली कोणतीही असू शकते.

साधी केबिन घेऊन भागणार नाही का?

केबिनमध्ये चालता येत असेल, खुर्ची घडीची असेल आणि बाथरूमचा उंबरा ओलांडता येत असेल, तर भागू शकते. खुर्ची किंवा स्कूटर दाराबाहेर ठेवू असा विचार मात्र करू नये. आगीच्या वेळी माणसांना वाट मोकळी मिळावी म्हणून पॅसेजमध्ये काहीही ठेवण्यास मनाई असते, आणि तो नियम योग्यच आहे.

खुर्ची किंवा स्कूटर मोजायची कशी?

खुर्ची पूर्ण उघडावी, नेहमीचा माणूस तिच्यात नेहमीच्या उशीसह बसवावा, आणि मगच टेप लावावा. रुंदी बैठकीची नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या हाताने फिरवायच्या कड्यांच्या बाहेरून घ्यावी. दुकानदार ‘१८ इंची’ म्हणतो ती बैठक असते. बाहेरून तीच खुर्ची २५ इंचांच्या आसपास भरते. हात कड्यावर ठेवून पाहिल्यास बोटांच्या पेरांसाठी दोन्हीकडे आणखी एकेक इंच लागतो. लांबी पाय ठेवायच्या पट्ट्यांच्या (फूटरेस्टच्या) टोकापर्यंत घ्यावी, कारण लिफ्टमध्ये आणि वळणावर तीच आडवी येते. त्यानंतर घडी घातलेली मापे, बॅटरीसह वजन आणि बॅटरी काढून वजन अशा नोंदी एका कागदावर लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा. एअरलाइन, क्रूझ कंपनी आणि टॅक्सीवाला असे तिघेही हाच कागद मागणार आहेत.

साइड व्हील लावलेली दुचाकी किंवा सरकारी योजनेत मिळालेली तीनचाकी नेता येईल का?

नाही. पेट्रोलची गाडी प्रवाशांच्या क्रूझवर चढवता येत नाही, आणि हाताने किंवा बॅटरीने चालणारी तीनचाकी सायकल केबिनच्या दारातून जाण्याइतकी अरुंद नसते. शहरात रोज या गाड्यांवर स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांनी सफरीसाठी घडीची व्हीलचेअर किंवा सुटे भाग होणारी लहान मोबिलिटी स्कूटर भाड्याने घेण्याचा विचार करावा. मोठ्या परदेशी बंदरांवर अशी स्कूटर थेट केबिनमध्ये पोहोचवणारे व्यावसायिकही असतात; क्रूझ कंपनीला विचारल्यास मान्यताप्राप्त नावे मिळतात.

बॅटरीची खुर्ची विमानाने नेताना कोणता नियम पाहावा?

बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करावा. येणारा आकडा वॉट-अवरचा. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवरची बॅटरी २८८ वॉट-अवरची होते, तर २४ व्होल्ट आणि २० अँपिअर-अवरची ४८० वॉट-अवरची. काढता येणारी लिथियम बॅटरी असलेल्या घडीच्या खुर्चीसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे; दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० वॉट-अवरची. काढलेली बॅटरी सामानात न टाकता टोके झाकून विमानाच्या केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवावी लागते. जेल किंवा सीलबंद बॅटरीचे नियम वेगळे आहेत. कोणत्याही प्रकारात एअरलाइनची पूर्वसंमती लागते, म्हणून नवी खुर्ची घेतानाच हा गुणाकार करून पाहावा. व्हीलचेअरची मदत हवी असल्यास भारतीय एअरलाइनला किमान ४८ तास आधी कळवावे.

कोल्हापूरहून मुंबईच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत कसे जावे?

माझी पहिली पसंती महालक्ष्मी एक्स्प्रेसला आहे. ही गाडी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरूनच सुटते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात चढण्याची घाई नसते. आणि ती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संपते, त्यामुळे उतरतानाही कोणी मागून ढकलत नाही. सीएसएमटीला फलाटाच्या टोकाने पूल न चढता सरळ बाहेर पडता येते, आणि तेथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ, दीड-दोन किलोमीटरवर आहे. अडचण डब्याच्या दारात आहे. फलाट आणि डबा यांमध्ये पायऱ्या असतात आणि आतली वाट खुर्चीपेक्षा अरुंद असते, म्हणून आसनापर्यंत माणसाला उचलून किंवा आधार देऊन न्यावे लागते. दोन ताकदवान माणसे हजर असतील याची व्यवस्था दोन्ही टोकांना करावी आणि गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे आदल्या दिवशी स्टेशनवर विचारावे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये ७५ टक्के, तर सेकंड आणि फर्स्ट एसीमध्ये ५० टक्के सवलत असते. तीच सवलत एका सोबत्यालाही मिळते.

बॅटरीची जड खुर्ची असेल तर मोटारीला पर्याय नाही. अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे. आडव्या सरकणाऱ्या दाराची किंवा मागून उतार लावता येणारी गाडी ठरवावी, आणि महामार्गावर ज्या हॉटेलात खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे, तेथे आधीच फोन करून थांबा ठरवावा, कारण लघवी रोखून धरत सात-आठ तास प्रवास करणे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसासाठी धोक्याचे आहे. उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला जायचे असल्यास विमानाच्या सामानकक्षाच्या दारातून आपली खुर्ची जाते का, आणि विमानात चढण्यासाठी शिडी आहे की उतार, हे दोन्ही विचारावे. लहान विमानांत पहिलाच प्रश्न निर्णायक ठरतो.

कसेही गेलात तरी जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे. जहाज कोणासाठी थांबत नाही.

जहाजावर चढताना आणि बंदरावर उतरताना काय होते?

जहाज धक्क्याला लागले असेल तर गँगवे म्हणजे उताराचा पूल लावतात. हाताने ढकलायच्या खुर्चीला कर्मचारी बहुधा मदत करतात. भरती-ओहोटीमुळे पाणी काही मीटर वरखाली होते आणि त्यासोबत जहाजही, म्हणून सकाळी जो उतार सोपा होता तोच दुपारी कडा झालेला असतो. बाहेर पडतानाच ‘परतीच्या वेळी उतार किती असेल’ हे गँगवेवरच्या कर्मचाऱ्याला विचारावे. त्यांच्याकडे भरतीचे वेळापत्रक असते. उतरताना खुर्ची नेहमी मागे वळवून, चेहरा जहाजाकडे ठेवून उतरवावी.

खरा प्रश्न टेंडरचा आहे. ज्या ठिकाणी पाणी उथळ असते किंवा धक्काच नसतो, तेथे जहाज खोल समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना ‘टेंडर’ म्हणजे लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. अशा वेळी जहाज आणि बोट लाटेवर वेगवेगळ्या तालाने वरखाली होत असतात, आणि मधली फट पाऊल उचलूनच ओलांडावी लागते. बॅटरीच्या खुर्च्या आणि स्कूटर बोटीत चढवण्यास बहुतेक कंपन्या नकार देतात. हाताची खुर्ची वापरणाऱ्याला चार पावले टाकता येत असतील आणि समुद्र शांत असेल तर परवानगी मिळते, अंतिम शब्द कॅप्टनचा. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांच्या उथळ कड्यांनी वेढलेली असल्याने तेथे बोटीवाचून उतरता येत नाही. ग्रीसमधील सँटोरिनीलाही टेंडरच लागते, आणि त्यापुढे फिरा गावात जाण्यासाठी केबल कार किंवा शेकडो पायऱ्या असतात.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रवासक्रमातील प्रत्येक बंदरासमोर ‘धक्का’ की ‘टेंडर’ हे लेखी घ्यावे. चार बंदरांपैकी दोन टेंडरची असतील तर दुसरी सफर पाहावी. एखादेच असेल, तर त्या दिवशी जहाजावर थांबण्याची मनाची तयारी आधीच असावी. रिकामा डेक आणि गर्दी नसलेली लिफ्ट हा तसा वाईट दिवस नव्हे.

किनाऱ्यावरच्या सहली जहाजातूनच घ्याव्यात का?

उतार किंवा लिफ्ट असलेली बस मिळणार असेल तर घ्याव्यात. सहलीच्या पत्रकात ‘थोडे चालणे’ असे लिहिलेले असते. ते किती मीटर, फरशीवर की दगडी रस्त्यावर, हे विचारावे. युरोपातील जुन्या गावांचे गोटे बसवलेले रस्ते खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांना अडकवतात. दुब्रोवनिकच्या तटबंदीतील मुख्य रस्ता सपाट आहे, परंतु बाजूच्या गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत. आपल्या महाद्वार रोडवर गर्दीच्या दिवशी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला हा अंदाज लगेच येईल.

केबिनमध्ये चार्जिंग कसे करावे?

प्लगची जागा पलंगापासून दूर असू शकते आणि घरची एक्स्टेन्शन वायर आगीच्या धोक्यामुळे जप्त होते. लांब वायर हवी असल्यास जहाजाकडूनच मागावी. अनेक जहाजांवर ११० आणि २२० व्होल्ट असे दोन्ही प्लग असतात. चार्जरवर ‘१००–२४०’ असे छापले आहे का ते पाहून घ्यावे.

आणीबाणीत लिफ्ट बंद झाल्या तर?

आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत, हे गृहीत धरूनच जहाजांची तयारी असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांची सुरक्षा कवायत होते. त्या वेळी आपली खोली, आपले वजन आणि पायऱ्या उतरता येत नाहीत ही गोष्ट अधिकाऱ्याला सांगावी, आणि जिन्यावरून नेण्याची खुर्ची घेऊन आपल्यासाठी कोण येणार हे विचारावे. लाजेखातर ‘मी येईन कसातरी’ असे कोणीही म्हणू नये.

जहाजावरचे कर्मचारी अंघोळ, कपडे, पलंगावर उचलणे यांत मदत करतात का?

करत नाहीत. ज्याला ही मदत रोज लागते त्याने सोबती न्यावाच. सोबती एकच असेल तर त्यालाही दिवसातून दोन तास स्वतःचे मिळावेत अशी आखणी करावी. रात्रंदिवस एकाच माणसावर भार पडला की दोघांचीही सफर कडू होते.

औषधे, गादी आणि विमा यांबाबत काय काळजी घ्यावी?

टर्मिनलवर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी कित्येक तासांनी येतात. औषधे, कॅथेटर, डायपर, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असावेत. जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची उशी विमानातही स्वतःच्या आसनावर घ्यावी. ती सामानकक्षात देऊ नये. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे बिल वेगळे आणि भारी असते. विमा घेताना आधीपासूनचा आजार किंवा अपंगत्व लपवू नये, आणि खुर्चीची नुकसानभरपाई व समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का हे वाचून घ्यावे.

कंपनीने नकार दिला तर कायदा आपल्या बाजूने आहे का?

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असावीत असे स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तेथील दिव्यांगांचा कायदा अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी ध्वजाच्या जहाजांनाही लागू होतो असा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या २०१० च्या ११७७ क्रमांकाच्या नियमानुसार तेथील बंदरातून निघणाऱ्या क्रूझवर केवळ अपंगत्वामुळे आरक्षण नाकारता येत नाही. सुरक्षेचे किंवा जहाजाच्या रचनेचे कारण द्यावे लागते. नकार आल्यास तो कारणासह लेखी मागावा. लेखी कारण मागितल्यावर अनेकदा मार्ग निघतो.

सफरीत खुर्ची बिघडली तर?

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी टायर, ब्रेक आणि फूटरेस्टचे स्क्रू आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. शक्य असल्यास हवेच्या टायरऐवजी भरीव टायर बसवावेत. एक ट्यूब, अ‍ॅलन की, प्लॅस्टिकचे केबल टाय आणि चिकटपट्टी एवढे सामान मोठ्या बॅगेत असावे. जहाजावर इंजिन विभागातले लोक किरकोळ दुरुस्तीला मदत करतात आणि स्वागतकक्षाकडे तात्पुरती खुर्ची असते, पण ती सर्वसाधारण मापाची असते, म्हणून आपली उशी तिच्यावर ठेवूनच बसावे. विमानात खुर्ची मोडली तर विमानतळ सोडण्यापूर्वी फोटो काढून लेखी तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. नंतर भरपाई मागताना तोच क्रमांक लागतो.